कॉलेजातला वंशभेद, मस्करी आणि शेजारी बसलेले आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका कॉलेजात मी शिकवते आणि गेली काही वर्षं भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समान संधी कक्षाचं काम बघते. प्रवेशाची धांदल संपली की ऑगस्टपासून कक्षाच्या दारावर टकटक सुरू होते. अर्ज कसा लिहायचा हे विचारायला येणारे थोडेच. "मॅडम, यात एवढं काय झालं?" असं विचारणारे त्याहून जास्त. उत्तरं देऊन देऊन पाठ झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. दोन्ही प्रकारच्या लोकांसाठी आहेत, पण खरं सांगायचं तर दुसऱ्या प्रकारच्यांसाठी जास्त.

वंशभेद तर अमेरिकेत असतो. आपल्याकडे कुठे आलाय?

हा प्रश्न पुण्यात विचारला जावा याचं मला दरवेळी नवल वाटतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. तिकडचा रंग आणि इकडची जात यांचं नातं गंज पेठेत राहणाऱ्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी दिसलं होतं. आपण फर्ग्युसन रस्त्यावर कॉफी पीत विचारतो, आपल्याकडे कुठे?

माणसाने तोंड उघडायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावरून, रंगावरून, आडनावावरून किंवा गावावरून त्याची किंमत ठरवून टाकणं, एवढाच या शब्दाचा व्यवहारातला अर्थ धरा. मणिपूरच्या मुलीला रिक्षावाला विचारतो, "नेपाळ की चायना?" सुदानचा मुलगा लिफ्टमध्ये शिरला की काकू पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतात. काश्मीरच्या मुलाला नाव विचारायच्या आधी "तिकडे काय चाललंय?" असं विचारतात, जणू काही तो तिथला वार्ताहरच आहे. यातल्या कुणालाही मारहाण झालेली नाही, आणि प्रत्येकाला हे आठवड्यातून चार वेळा ऐकावं लागतं.

पण आम्ही मस्करी करतो. त्यालाही चालतं, तो स्वतः हसतो.

हसतो, कारण दुसरं काय करणार? वर्गात चाळीसजण तुमच्या बाजूचे आणि तो एकटा. रागावला तर "याला जोक कळत नाही", गप्प बसला तर "शिष्ट आहे". उरतं ते हसणं.

मस्करी दोन्ही बाजूंनी चालते. तुम्ही त्याला 'चिंकी', 'मोमो', 'काळ्या' म्हणता, तो तुम्हाला काय म्हणतो? आठवत नसेल, तर ती मस्करी नाही. आणखी एक गोष्ट बघा. पक्या, बंड्या, जाड्या ही नावं एकेका माणसाला मिळतात. 'चिंकी' हे नाव मात्र मिझोरामपासून लडाखपर्यंतच्या लाखो माणसांना एकदम मिळतं. ते टोपणनाव नाही, शिक्का आहे.

कायद्याचंच बोलायचं तर महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगबंदी कायद्यात विद्यार्थ्याला चिडवणं, त्याची थट्टा करणं, त्याला लाज वाटेल असं वागणं हे सगळं रॅगिंगच्या व्याख्येतच आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलात तर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या कॉलेजात प्रवेश नाही. "मस्करी केली" हा बचाव म्हणून सांगायला जाल आणि कबुलीजबाब होऊन बसेल.

कुणी 'पाणी'ला 'पानी' म्हणालं म्हणून आम्ही हसलो, तर त्यात वंशभेद कसला? दोघेही मराठीच!

वंशभेद नाही म्हणता येणार, पण घराणं तेच. आणि हे पुण्याचं खास उत्पादन असल्यामुळे त्यावर जरा जास्त लिहिते.

हिंगोलीकडचा एक मुलगा आमच्याकडे होता. पहिल्या सेमिस्टरच्या व्हायवात त्याने "द्रावनात" असं म्हटलं. उत्तर बरोबर होतं. मागे उभ्या असलेल्या तिघांपैकी एकजण फिसकन हसला, दुसऱ्याने हळूच "द्राव-ना-त" असं लांबवून म्हटलं. परीक्षकांनी मान वर केली नाही. तो मुलगा पुढचं सगळं वर्ष व्हायवात इंग्रजीत बोलला. त्याचं इंग्रजी तेव्हा अगदीच जेमतेम होतं, मार्क गेले. मी विचारलं तर म्हणाला, "इंग्रजी चुकलं तर सगळ्यांचंच चुकतंय मॅडम. मराठी चुकली की गावच निघतंय."

प्रमाणभाषा लेखनासाठी आहे. उत्तरपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ तपासा, जरूर तपासा. पण माणसाच्या जिभेवर त्याच्या आजीची बोली असते, ती काही शुद्धलेखनाची चूक नाही. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेली मुलं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं राहतात आणि तिथल्या तिथे दोन मराठ्या शिकतात, एक बाहेर बोलायची आणि एक घरी फोनवर बोलायची. ज्या शहराला आपल्या उच्चारांचा अभिमान आहे, त्याने या दुसऱ्या मराठीकडे एकदा कान द्यावा. फार गोड असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत भर घातली. त्यात वर्ण, वंश, धर्म, जात, रूप, राष्ट्रीयत्व यांच्या जोडीला प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, जन्मस्थान आणि आर्थिक स्थितीही आली. यातल्या कुठल्याही कारणावरून विद्यार्थ्याचा छळ करणं किंवा त्याला वगळणं म्हणजे रॅगिंग. 'वगळणं' हा शब्द तिथे आहे, तो लक्षात ठेवा.

काही नावं खरंच उच्चारता येत नाहीत. त्यात वाईट हेतू नसतो.

नसतो. माझाही नव्हता. मणिपूरच्या एका मुलीच्या आडनावाची सुरुवात रोमन लिपीत 'एनजी' अशी होती. हजेरी घेताना मी दोन आठवडे तिला नुसता रोल नंबर पुकारत होते. वर्गाला ते कळलं आणि तिचं नावच 'बेचाळीस' पडलं. मुलांनी ठेवलं असं मी स्वतःला सांगत होते, पण ठेवलं मीच होतं.

शेवटी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "मॅम, 'रंग' म्हणताना 'ग'च्या आधी नाकात आवाज येतो ना? तिथून सुरू करायचं." मी चार वेळा म्हणून पाहिलं. पाचव्या वेळी जमलं आणि एकदम ट्यूब पेटली, की हा तर आपला ङ! मुळाक्षरांत पाठ केलेला, पाटीवर गिरवलेला, आणि पुढे आयुष्यात कधी न वापरलेला. स्टाफरूमच्या बाहेर पाटी आहे, 'वाङ्मय मंडळ'. रोज तिच्याखालून जात होते.

विचारा. "नाव कसं म्हणायचं, एकदा सांगशील?" एवढं पुरतं. स्वतःच्या सोयीने कुणाचं 'जॉन' किंवा 'लिली' करून टाकू नका.

माझ्यासमोर कुणी दुसऱ्याला असं बोललं, तर मी काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि सगळं इथेच अडतं. माझ्या अनुभवात बोलणारा एक असतो, ऐकून घेणारा एक असतो आणि शेजारी सात-आठजण असतात. त्या सात-आठजणांचं त्या क्षणी काय होतं ते कॅन्टीनमध्ये बसून पाहा. बोलणारा बोलतो, आणि सगळ्यांची नजर ज्याला बोललं त्याच्याकडे जाते. हा आता काय करतो? चिडला का? हसला? हसला! मग सुटलो, आपणही हसू. म्हणजे परीक्षा त्याचीच.

नजर बोलणाऱ्याकडे वळवायची, इथून सुरुवात करा. काही न बोलता नुसतं त्याच्याकडे बघितलं तरी अर्धं काम होतं. विनोद हवेत लटकतो. त्यापुढे बोलायचंच असेल तर भाषण नको, चार-पाच शब्द पुरतात. "ए, बास." किंवा "नाव आहे ना त्याला?" किंवा अगदी निरागस चेहऱ्याने "नाही कळला जोक. समजाव की." हा शेवटचा उपाय जालीम आहे. असला विनोद समजावून सांगताना माणूस दुसऱ्या वाक्यात घामाघूम होतो.

मित्राला चारचौघांत बोलायचं नसेल तर नंतर टपरीवर गाठा. "मघाशी जे बोललास ते बरोबर नव्हतं" असं चहाचा कप हातात असताना सांगितलं की ऐकलं जातं. पण त्याच दिवशी सांगा. आठवड्याने सांगाल तर "कधी? मी?" यापलीकडे उत्तर येणार नाही.

आणि ज्याला बोललं गेलं त्याच्याकडे जा. "तुला राग आला का?" असं विचारू नका. त्यात पुन्हा त्यालाच साक्ष द्यायला लावणं आलं. "मी ऐकलं. चुकीचं होतं. तुला पुढे काही करायचं असेल तर मी सोबत येतो" असं सांगा. त्याच्या वतीने परस्पर तक्रार ठोकू नका, वर्गाच्या ग्रुपवर त्याच्या नावाने निषेध लिहू नका. पुढे काय करायचं हे त्याला ठरवू द्या. मारामारीपर्यंत गोष्ट जाताना दिसली तर मात्र विचारत बसू नका, ११२ लावा.

माझ्याच बाबतीत झालं. तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, आता उशीर झाला का?

नाही. बहुतेकांना उत्तर जिना उतरताना सुचतं. त्या दिवशी फक्त लिहून ठेवा. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, तिथे कोण कोण होतं. शब्द जसेच्या तसे लिहा. 'अपमानास्पद बोलला' असं लिहिलं तर चौकशीत त्याचा काही उपयोग होत नाही.

व्हॉट्सॲपवर झालं असेल तर स्क्रीनशॉट काढा, ज्यात नंबर आणि तारीख दोन्ही दिसेल. मूळ मेसेज पुसू नका, ग्रुप सोडायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि शक्यतो तो फोन विकू नका. प्रकरण कोर्टात गेलंच तर मूळ उपकरण लागू शकतं.

तक्रार नेमकी कुठे करायची? कुणी म्हणतं प्राचार्य, कुणी म्हणतं पोलीस.

दारं बरीच आहेत, आणि तीच अडचण आहे.

कॉलेजमध्ये समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायलाच हवा, असं अनुदान आयोगाचे २०१२चे समता नियम सांगतात. तक्रारीवर साठ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. (जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम आणले होते. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि २०१२चेच नियम चालू ठेवले. त्यावरून व्हॉट्सॲपवर जे काही फिरलं त्यातलं निम्मं वाचून माझं डोकं दुखलं होतं.) याशिवाय २०२३च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिच्यावर विद्यापीठ पातळीवर लोकपाल असतो.

सतत चिडवणं, वगळणं, हॉस्टेलमधला त्रास असेल तर रॅगिंगचा रस्ता सगळ्यात जलद. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू, नाव न सांगताही बोलता येतं. राज्याच्या कायद्याप्रमाणे लेखी तक्रार आल्यावर कॉलेजच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. त्याने टाळाटाळ केली तर गुन्ह्याला मदत केल्याचं खापर त्याच्यावरच फुटू शकतं. अर्जात हे वाक्य नम्रपणे लिहिलं की फाइल टेबलावरून हलते, हा स्वानुभव.

बोलण्यात लैंगिक भाग असेल, आणि ईशान्येकडच्या मुलींच्या बाबतीत तो फार वेळा असतो, तर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे जा. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. मारहाण, धमकी, पाठलाग झाला असेल तर सरळ पोलिसांत. हद्दीचा वाद घालून परत पाठवू लागले तर 'झिरो एफआयआर'चं नाव घ्या. हद्द कुठलीही असो, त्यांना नोंद घ्यावी लागते.

तक्रार लिहून द्या, पोच घ्या. तोंडी तक्रार म्हणजे गप्पा.

'चिंकी' म्हटलं तर ॲट्रॉसिटी लागते, हे खरं का?

लागू शकते, सरसकट नाही. नागालँड, मिझोराम, अरुणाचल, मेघालय इथले बरेच विद्यार्थी अनुसूचित जमातींचे आहेत. अशा व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. या शब्दाबाबत केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना तसं कळवलं होतं. "पण ती जमात महाराष्ट्राच्या यादीत कुठे आहे?" हा युक्तिवादही आता चालत नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं, की या कायद्याचं संरक्षण माणूस देशात कुठेही गेला तरी त्याच्यासोबत जातं. तपास सहायक पोलीस आयुक्त किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो. हेल्पलाइन १४५६६.

मात्र मणिपूरचे मैतेई किंवा आसामचे आहोम अनुसूचित जमातीत येत नाहीत. दार्जिलिंगकडचे नेपाळीभाषकही बहुतांशी नाहीत. शिवी तीच, चेहरा बघून दिलेली, पण कायदा वेगळा. चेहऱ्यावरून होणाऱ्या अपमानासाठी वेगळा कायदाच नाही, हे दिल्लीत सगळ्यांना दिसलं. जानेवारी २०१४ मध्ये लाजपतनगरात अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याला केसांवरून, दिसण्यावरून चिडवण्यात आलं, मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलमं घालायची शिफारस केली. ती कलमं आलेली नाहीत.

"कोट्यातून आला" म्हटलं तर काय चुकलं? आला ना?

ॲडमिशन झाल्यावर रँक हा विषय संपतो. पण पहिल्या आठवड्यात "तुझी रँक किती होती?" हा प्रश्न फिरतो, तो कुतूहलाने नाही. जात विचारायची ती सभ्य पद्धत आहे. आडनावावरून कळलं नाही तर रँक, रँकवरून नाही तर स्कॉलरशिपच्या रांगेत कोण उभं आहे ते. २०१९च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली. सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप होता. जळगावची, तडवी भिल्ल समाजातली. त्याच वर्षी तिची आई आणि २०१६ मध्ये आत्महत्या केलेल्या हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाची आई, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. वर जे समता नियम सांगितले ते नीट पाळले जावेत म्हणून. आपल्या कॉलेजातली 'कक्ष' नावाची खोली दोन आयांनी लावून धरलेल्या दाव्याशी जोडलेली आहे, हे मला दार उघडताना आठवतं.

प्राध्यापकच असं बोलले तर? इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात असतात.

भीती रास्त आहे, उगाच धीर देणार नाही. एकट्याने जाऊ नका. वर्गातले दोघे-तिघे सही करायला तयार असतील तर वजन वाढतं. तक्रारीतच लिहा, की चौकशी चालू असेपर्यंत माझं मूल्यमापन दुसऱ्या शिक्षकांकडून व्हावं. मागितलं तर मिळतं, न मागता कुणी देत नाही. आणि सहकारी प्राध्यापकांनो, "अरे, तुमच्याकडे सगळेच असे का?" हे वाक्य वर्गात उच्चारण्यापूर्वी स्वतःला कोकणस्थ, देशस्थ, मराठा, माळी, जे काही असाल ते लावून एकदा ऐका.

मी परदेशी विद्यार्थी आहे. तक्रार केली तर व्हिसा जाईल का?

अन्याय झाल्याची तक्रार करणं हा व्हिसाचा भंग नाही. आपली कागदपत्रं मात्र चोख ठेवा. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नोंदणी कार्यालयात नोंद लागते. ती राहिली असेल तर तक्रार बाजूला राहते आणि गाडी त्याच विषयावर जाते. तक्रारीची एक प्रत कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला आणि हवी तर आपल्या दूतावासाला द्या.

मराठी वाचकांसाठी इथे थोडं विषयांतर. आफ्रिकी मुलांना 'हबशी' म्हणणाऱ्यांनी चौथीचं इतिहासाचं पुस्तक आठवावं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि त्याने वसवलेल्या खडकीचं पुढे औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर झालं. तो शब्द आपल्याकडे सेनापतीला लावत होते. आणि हो, कुणाच्या केसांना न विचारता हात लावायचा नसतो. हे लिहावं लागतंय याचीच लाज वाटते.

खोली मिळत नाही. नाव ऐकलं की "आत्ताच गेली" म्हणतात.

खासगी घरमालकाने प्रांत, धर्म किंवा चेहरा बघून नकार दिला तर त्याला थेट रोखणारा कायदा आपल्याकडे नाही. घटनेचं पंधरावं कलम दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते यांपुरतं खासगी माणसावरही चालतं, भाड्याच्या फ्लॅटवर नाही. अस्पृश्यतेच्या कारणाने घर नाकारलं तर मात्र १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा लागतो. ते सिद्ध करणं अवघड, कारण "आत्ताच गेली" या वाक्याला पुरावा नसतो.

व्यवहारात काय चालतं ते सांगते. खोली बघायला जाताना वर्गातल्या एखाद्या मराठी मित्राला सोबत न्या. अशी शिफारस लागावी हेच चूक आहे, मान्य. पण काका दार उघडतात, "कुठले तुम्ही? साताऱ्याचे? आमची सासुरवाडी!" असं होतं आणि करार होतो. परदेशी भाडेकरू ठेवायला मालक घाबरतात ते परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत भरायच्या नोंदणी फॉर्मला (पूर्वीचा 'फॉर्म सी'). तो ऑनलाइन भरता येतो, त्यांच्याजवळ बसून भरून द्या.

रूममेटच्या जेवणाचा वास सहन होत नाही. हे सांगणंही भेदभाव का?

वास येतो म्हणून खिडकी उघड म्हणणं, नाही. "शी, काय खाता तुम्ही लोक!" म्हणणं, हो. फरक 'तुम्ही लोक'मध्ये आहे.

आमच्या हॉस्टेलमध्ये नागालँडच्या मुलींनी आंबवलेलं सोयाबीन शिजवलं तेव्हा मजल्यावर गहजब झाला. रेक्टरबाईंनी सगळ्यांना खाली बोलावलं. तेवढ्यात मालवणची एक मुलगी म्हणाली, "माझ्या आईने दिलेलं सुकट गेल्या महिन्यात याच पॅसेजमधून तुम्ही बाहेर ठेवायला लावलं होतं." मग सोलापूरची म्हणाली, तिच्या शेंगाचटणीतल्या लसणावरूनही बोलणी खावी लागली होती. मीटिंगचा नूरच पालटला. शेवटी तोडगा निघाला तो एक्झॉस्ट फॅनचा. बाराशे रुपये, वर्गणी काढून.

ते लोक आपल्यातच राहतात, मिसळत नाहीत. मग आम्ही काय करणार?

दहा मराठी मुलं बंगळुरूला गेली तर काय करतात? मंडळ काढतात, गणपती बसवतात. त्याला आपण संस्कृती जपणं म्हणतो.

शिवाय एकत्र राहायला कारणंही आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या हिंसाचाराचे पडसाद पुण्यात उमटले, ईशान्येकडच्या मुलांवर हल्ले झाले, मोबाइलवर अफवा पसरल्या आणि पुणे स्टेशनवरून गाड्या भरभरून माणसं परत गेली. सरकारला देशभरात घाऊक एसएमएसवर पंधरा दिवसांची बंदी घालावी लागली होती. आज पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांच्या मोठ्या भावा-बहिणींना ते स्टेशन आठवतं.

मिसळणं म्हणजे फार मोठं काही नाही. सिम्बायोसिसच्या जन्माची गोष्ट डॉ. शां. ब. मुजुमदारांनी स्वतः कितीदा सांगितली आहे. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना एक मुलगी खिडकीतून मुलाला काहीतरी देते आहे असं त्यांना दिसलं. संशयाने चौकशी केली तर मॉरिशसचा तो मुलगा काविळीने पडून होता आणि ती त्याला जेवण देत होती. त्यातून १९७१ साली संस्था उभी राहिली. तुम्ही संस्था काढू नका, डबा पोचवा. दिवाळीत हॉस्टेल रिकामं होतं, मेस बंद होते, आणि दूरची मुलं चार दिवस मॅगीवर काढतात. "घरी ये फराळाला" म्हणायला कुठलंही धोरण लागत नाही.

प्रोजेक्टचे गट मुलांना पाडू देऊ नका, हे मात्र शिक्षकांना सांगणं आहे. चिठ्ठ्या टाका. 'ज्याला कुणी घेतलं नाही' असा एकही विद्यार्थी मग उरत नाही.

मराठी शिका म्हणणं भेदभाव आहे का?

शिकवायला तयार असाल तर नाही. "चार वर्षं राहणार आहेस, दोन वाक्यं येऊ देत, चल शिकवतो" आणि "इथे राहायचं तर मराठीत बोल" यातलं पहिलं निमंत्रण आहे. दुसऱ्याने आजवर कुणी मराठी शिकल्याचं मी पाहिलेलं नाही. पाहुणा पहिली शिवी शिकतो ती आपणच शिकवलेली असते, त्याऐवजी 'दादा, सुट्टे आहेत का?' शिकवा. पीएमपीच्या बसमध्ये उपयोगी पडतं.

गॅदरिंगमध्ये आम्ही त्यांचा डान्स ठेवतो. तेवढं सर्वसमावेशक पुरेसं नाही का?

वर्षातून एकदा पारंपरिक वेशात स्टेजवर, आणि बाकी ३६४ दिवस? त्यांना कमिटीत घ्या. खजिनदार करा, प्रकाशयोजना द्या, भांडणं सोडवायला पाठवा.

मीच असं काही बोललो होतो. आता काय करू?

"तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" नको. त्यात चूक त्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. "मी त्या दिवशी तुला अमुक म्हणालो. चुकलो." एवढंच, तोच शब्द न उच्चारता. त्याने लगेच माफ करावं अशी अपेक्षा नको, आणि आपण किती बदललो हे त्याला ऐकवायलाही नको. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर सांगितलंत तर उत्तम. एका मुलाने लॅबमध्ये बॅचसमोर सांगितलं होतं, लाल कान आणि जमिनीकडे बघत. समोरचा म्हणाला, "ओके. ब्युरेट पकड."

कक्षात आलो तर नेमकं काय होतं?

आधी चहा. मग तुम्ही बोलता, मी ऐकते. तुम्ही सांगितल्याशिवाय काहीही लिहीत नाही. तक्रार करायची असेल तर अर्ज लिहायला मदत करते, मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत. नुसतं बोलून जायचं असेल तर तेही चालतं, आणि अर्धेअधिक तसेच येतात. सोबत मित्राला आणता येतं.

खोली जिन्याखाली आहे, झेरॉक्सच्या शेजारी. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन ते चार. दार जाम होतं, जरा खांद्याने ढकला.